कप्तान पाण्यात उतरले

माझे सासरे लाँच चालवतात. धक्क्यावरून पाहुणे घ्यायचे, समोरच्या बेटावरच्या रिसॉर्टला सोडायचे आणि सुट्टी संपली की परत आणायचे, एवढंच त्यांचं काम. पण ते त्यांनी इतकी वर्षं केलंय, की धक्क्यावर त्यांचं खरं नाव कुणाला धड आठवत नाही. सगळे त्यांना कप्तान म्हणतात. सासूबाईही रागावल्या की ‘कप्तान, जेवायला येताय की ताट झाकून ठेवू?’ असं विचारतात.

माणूस कडक. लाँचमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा ते स्वतः ओढून बघतात. फोटोत वाईट दिसतं म्हणून कुणी जॅकेट काढलं, की इंजिन बंद करून हाताची घडी घालून बसतात. "काही घाई नाही. तुम्ही पट्टा लावा, मग आपण निघू." मोठमोठे साहेबलोक चिडतात, घड्याळ दाखवतात आणि शेवटी निमूट पट्टा लावतात.

हंगाम संपला, की रिसॉर्ट दुरुस्तीसाठी बंद होतं. त्याआधीच्या आठवड्यात मॅनेजर जुन्या नोकरांपैकी एकेकाला कुटुंबासह राहायला बोलावतात. कप्तानांना दर वर्षी बोलावणं यायचं आणि दर वर्षी ते टाळायचे. एकदा इंजिन उघडून ठेवलंय, एकदा कंबर धरलीय, एकदा तर चक्क माझ्याच तब्येतीचं कारण सांगितलं होतं. मी ठणठणीत होतो. या वर्षी मात्र मॅनेजरांचा फोन चालू असतानाच सासूबाईंनी कप्तानांना जाहीर केलं, "मी जाणार आहे. लेक, जावई, नात येणार आहेत. तुम्हाला यायचं असेल तर या, नाहीतर आम्हाला सोडायला तरी याल."

कप्तान आले. कडक इस्त्रीची पँट, पायात बूट.

लाँच त्या दिवशी बदली ड्रायव्हर चालवत होता. सासरे प्रवाशांच्या बाकावर बसले होते खरे, पण त्यांची मान सतत सुकाणूकडे. "जरा डावीकडे घे... हळू... अरे, हळू!" शेवटी माझी बायको म्हणाली, "बाबा, तुम्ही आज पाहुणे आहात."

"पाहुण्याला डोळे नसतात का?"

बेटाच्या धक्क्यावर मात्र ते गप्प झाले. झाडांच्या पलीकडे काय आहे, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पाहुणे उतरवायचे आणि मागे फिरायचं, त्यांची हद्द तिथेच संपायची. आता त्याच वाटेवरून एक मुलगी ट्रेमध्ये गार सरबत घेऊन सामोरी आली आणि रोज धक्क्यावर ज्याच्यासोबत चहा प्यायचे, तो वेटर चेहऱ्यावरची रेषही न हलू देता म्हणाला, "या साहेब. प्रवास कसा झाला?"

"मरू दे रे तुझा साहेब," कप्तान म्हणाले, पण सरबत त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं.

आम्हाला समुद्रासमोरची दोन खोल्यांची झोपडी मिळाली. बाहेरून झोपडी, आत गार हवा. पलंगावर टॉवेलचे दोन राजहंस करून ठेवले होते. सासूबाईंनी ते उचलून खिडकीत मांडले आणि अंग पुसायला घरून आणलेला पंचा बाहेर काढला. न्हाणीघराला अर्ध्या भागात छप्परच नव्हतं, वर उघडं आभाळ.

"अगं, वरून कुणी बघितलं तर?" त्यांनी लेकीला विचारलं.

"आई, वरून कोण बघणार?"

"ते मला नको सांगूस." आणि छत्री उघडून त्या आंघोळीला गेल्या. आतून पाण्याचा आणि त्यांच्या गाण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाला आणि सासूबाई खोलीत जाऊन कपडे बदलून आल्या. आम्ही बघतच राहिलो. गुडघ्याखाली येणारी सैल विजार, वर लांब बाह्यांचा सदरा, दोन्ही गडद निळ्या कापडाचे, कडेला पांढरी पट्टी. त्या घरी शिवणकाम करतात, शाळांचे गणवेश शिवण्यात त्यांचा हातखंडा आहे. हा पोशाख त्यांनी कुणाला पत्ता न लागू देता शिवला होता.

"आई, तू पोहणार?" माझ्या बायकोचा विश्वास बसेना.

"तू कॉलेजात शिकलीस ना? मग मला शिकव."

झोपडीच्या बाजूला खडकांची रांग समुद्रात आडवी गेलीय, त्यामुळे आतलं पाणी तळ्यासारखं शांत आणि उथळ असतं. मायलेकी हात धरून कमरेइतक्या पाण्यात गेल्या. आमची सात वर्षांची चिमणी हवेच्या ट्यूबमध्ये बसून हुकूम सोडत होती. सासूबाईंचे गुडघे इतके दुखतात, की घरी दोन पायऱ्या चढायच्या तरी त्या भिंत धरतात. इथे त्या पाण्यात मांडी घालून काय बसल्या, उठून उड्या काय मारल्या! थोड्या वेळाने लेकीने त्यांच्या पाठीखाली हात धरला आणि त्या आडव्या झाल्या. हात काढला तरी तशाच तरंगत राहिल्या, डोळे मिटून.

"आजी, तू झोपलीस का?" चिमणीने विचारलं.

"हो. उठवू नकोस."

मी आणि कप्तान वाळूवर छत्रीखाली बसलो होतो. त्यांनी बूट काढले होते, पँट घोट्यापर्यंत दुमडली होती, आणि लाट जवळ आली की पाय आखडून घेत होते. चिमणी धावत आली आणि त्यांचा हात ओढायला लागली. "आजोबा, चला! मी त्या मुलांना सांगितलंय, माझे आजोबा इथून घरापर्यंत पोहत जातात!"

"माझ्या कानात दडा बसलाय गं."

"मग कानात कापूस घाला."

"आत्ताच खाल्लंय. खाल्ल्यावर पोहू नये."

"आजीने तुमच्यापेक्षा जास्त खाल्लंय!"

एव्हाना मायलेकी बाहेर आल्या होत्या. माझी बायको हसत म्हणाली, "बाबा, या ना. किती वर्षांत तुम्हाला पोहताना बघितलं नाही." आणि बोलता बोलता थांबली. आपण ते कधीच बघितलेलं नाही, हे बहुधा तिच्या तेव्हाच लक्षात आलं.

कप्तानांनी चिमणीला शिंपले गोळा करायला पाठवलं. मग वाळूकडे बघत म्हणाले, "मला पोहता येत नाही."

त्यांनीच पुढे सांगितलं. ते मूळचे आतल्या कोरड्या मुलखातले. गॅरेजात डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. एका लाँचचं इंजिन बसवून द्यायला धक्क्यावर आले, त्याच आठवड्यात जुना ड्रायव्हर सोडून गेला, आणि मालकाने यांना विचारलं, चालवशील का? "लाँच चालवता येते का, असं विचारलं. पोहता येतं का, हे कुणी विचारलंच नाही. नंतर सगळे कप्तान म्हणायला लागले. मग सांगू कुठल्या तोंडाने?"

माझ्या बायकोचा चेहरा उतरला. "बाबा, वादळ सुटलं की आई खिडकीत उभी राहायची. तेव्हा मी तिला म्हणायचे, काळजी कशाला करतेस, बाबांना पोहता येतं. मी स्वतः त्या भरवशावर झोपायचे."

"म्हणून तर सांगितलं नाही," ते हळूच म्हणाले. "आणि म्हणूनच लोकांचे पट्टे ओढून बघतो. माझ्या लाँचमधून कुणी पडलं, तर मी उडी मारू शकणार नाही. ही भीती रोज धक्क्यावरून सोबत निघते माझ्या."

सासूबाई केस पिळत होत्या. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"तुला? कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. अहो, तुमचे कपडे मी धुते. समुद्रावर काम करणारा माणूस, उन्हाळ्यात घामाने निथळत घरी येतो आणि एकदाही पाण्यात डुंबून येत नाही? मी म्हटलं, सांगतील कधीतरी. तुम्ही काही तोंड उघडेना." एवढं बोलून त्या खोलीत गेल्या आणि परत येऊन त्यांच्या मांडीवर एक पुडकं टाकलं. त्याच निळ्या कापडाची, तशाच पांढऱ्या पट्टीची अर्धी विजार होती. "कंबर मापाने शिवलीय. आता तीही घट्ट होते म्हणू नका."

कप्तानांनी ती विजार उलटसुलट करून पाहिली. आधी त्यांना हसू आलं, मग लेकीला, आणि मग मलाही आवरेना.

त्या दिवशी ते गुडघाभर पाण्यातच उभे राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी, इतर पाहुणे उठायच्या आत, छातीइतक्या पाण्यापर्यंत गेले. एका बाजूला सासूबाई, एका बाजूला लेक, आणि मी मागे, कारण जावयाने कुठेतरी उपयोगी पडायलाच हवं.

"बाबा, आता मागे झोपा. मान सोडा."

"मान सोडली तर नाकात पाणी जाईल."

"थोडं गेलं तर शिंका," सासूबाई म्हणाल्या. त्या शेजारी आरामात तरंगत होत्या.

पहिल्यांदा ते फळीसारखे ताठ झाले आणि सरळ खाली गेले. खोकत, नाक पुसत वर आले. दुसऱ्यांदा माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बोटांचे वळ उठले. चिमणी ट्यूबमधून ओरडली, "आजोबा, आभाळ बघा! पाण्याकडे बघू नका!" त्यांनी आभाळाकडे पाहिलं. खांदे सैल पडले, माझं मनगट सुटलं. माझ्या बायकोने हळूच हात काढून घेतला. सासरे पाण्यावर होते. छाती वरखाली होत होती, मिशीवरून पाणी ओघळत होतं.

"अगं," ते कुजबुजले, जणू मोठ्याने बोललं तर बुडतील, "मी काहीच करत नाहीये."

"करूच नका," सासूबाई म्हणाल्या.

त्या दुपारी कप्तान कोरडे कपडे घालून मॅनेजरांच्या खोलीत गेले. मी दारापर्यंत सोबत होतो. नोकरी जाईल, अशी त्यांना धास्ती होती. मॅनेजरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "कप्तान, शिकल्याशिवाय पुढच्या हंगामात तुम्हाला लाँच देता येणार नाही." मग त्यांनी विचारलं, "बदली ड्रायव्हरला येतं का पोहायला?" त्याला बोलावलं. तो छताकडे बघायला लागला. लाँचवरच्या खलाशाला बोलावलं. तो जमिनीकडे.

रिसॉर्ट बंद होतं तेवढ्या काळात तिथल्या पोहण्याच्या तलावावर वर्ग लागला. शिकवायला तिथलाच जीवरक्षक. लाँचवरचे सगळे, आणि त्यांच्यात कुणी न बोलावता गेलेल्या सासूबाई. शेवटच्या दिवशी तलाव लांबीने ओलांडायचा होता. कप्तान मध्ये एकदा काठ धरून खोकले, पण गेले. सासूबाई न थांबता गेल्या आणि पलीकडे काठावर बसून त्यांची वाट बघत होत्या. ही बातमी त्यांनी आम्हाला तीनदा सांगितली.

हंगाम सुरू झाला आणि लाँच पुन्हा कप्तानांकडे आली. पट्टे ते अजूनही ओढून बघतात. मागच्या रविवारी बायकोने माहेरी फोन केला, कुणी उचलेना. तासाभराने पुन्हा, तरी नाही. तिचा जीव टांगणीला. संध्याकाळी सासूबाईंचाच फोन आला. दम लागला होता, पण आवाजात हसू होतं. "अगं, समुद्रावर आहोत. मी केव्हाची म्हणतेय घरी चला, चहाची वेळ टळली. हाताच्या बोटांना सुरकुत्या पडल्या, तरी तुझे बाबा बाहेर यायला तयार नाहीत."