न झालेलं सोडियम क्लोराईड

माझ्या हातात संत्र्याची गोळी होती. कागदात गुंडाळलेली. समोर रिद्धी उभी होती आणि ती हात पुढे करत नव्हती.

नववीचा विज्ञानाचा तास. आयनिक बंध शिकवायचा म्हणून सरांनी नाटुकलं मांडलं होतं. माझ्या छातीवर पिनेनं चिठ्ठी टोचली होती, सोडियम. रिद्धीच्या छातीवर क्लोरीन. सोडियमच्या शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो, तो देऊन टाकला की ते स्थिर होतं. क्लोरीनला एकच कमी पडतो. देणारा धन होतो, घेणारा ऋण होतो, मग दोघं एकमेकांना ओढून धरतात. तोच बंध. गोळी म्हणजे इलेक्ट्रॉन. मी द्यायची, तिनं घ्यायची. एवढंच.

रिद्धी सरांकडे बघून हळूच म्हणाली, "सर, मी हिच्या हातचं घेत नाही. घरी सांगितलंय."

तिचे वडील शाळेच्या संस्थेत होते. माझी वस्ती कोणती, जात कोणती, हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं. शिष्यवृत्तीवाल्या पोरांना सर नाव घेऊन उभं करायचे, तेव्हापासून.

मला वाटलं, सर आता तिला रागावतील. सर हसले.

"बरोबर आहे की. सोडियमला कोणी हात लावतं का? रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात त्याला. चिमट्यानं धरतात."

वर्ग हसला. सरांनी मला गोळी टेबलावर ठेवायला लावली. रिद्धीनं ती उचलली नाहीच. सर फळ्याकडे वळले आणि नाव कसं द्यायचं ते सांगू लागले. धातूचं नाव आधी, जसंच्या तसं. अधातूचं नंतर, शेपूट बदलून. क्लोरीनचं क्लोराईड, ऑक्सिजनचं ऑक्साईड. मग मोठ्या अक्षरात लिहिलं, सोडियम क्लोराईड. मधल्या सुट्टीत ती गोळी केरात पडलेली मी पाहिली.

त्या दिवसापासून माझं नाव सोडियम. नळावर गेले की पोरं बाजूला व्हायची. "हटा रे, सोडियम पाण्यात गेलं की भडका होते." मी डबा एकटी खायला लागले. घरी सांगितलं नाही. बाबा शाळेचीच व्हॅन चालवायचे. नंदनवन कॉलनीतली पोरं तेच गोळा करून आणायचे. त्यांत रिद्धीही असायची, पुढच्या सीटवर.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. आई भाजीत मीठ टाकत होती. तोच धडा. सोडियमनं इलेक्ट्रॉन दिला की ते पहिल्यासारखं राहत नाही. पेटत नाही, पोळत नाही. माणसं ते जेवणात खातात. रिद्धीच्या घरीही खात असतील. हे सरांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? आणि क्लोरीननं इलेक्ट्रॉन घेतलाच नाही तर मीठ बनत नाही. ते पान मी परत वाचलं. म्हणजे त्या दिवशी वर्गात काहीच बनलं नव्हतं. सरांनी नाव मात्र देऊन टाकलं होतं. सर चुकले नव्हते. त्यांनी जाणूनबुजून खोटं लिहिलं होतं.

दहावीत विज्ञान प्रदर्शन लागलं. संस्थेचे लोक, पाहुणे, पालक. सरांनी तेच नाटुकलं बसवलं, तीच जोडी घेऊन. या वेळी माझ्या हातात प्रयोगशाळेतला चिमटा दिला. गोळी चिमट्यानं पुढे करायची, रिद्धी वाटीत घेईल. पाहुण्यांना गंमत वाटेल, म्हणाले.

मी चिमटा टेबलावर ठेवला. गोळी तळहातावर घेतली आणि हात पुढे केला. थांबले.

कोणीतरी खोकलं. रिद्धी सरांकडे बघत होती. तिचे वडील पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघत होते. सर घाईघाईनं पाहुण्यांना सांगू लागले, अशा रीतीनं सोडियम क्लोराईड तयार होतं.

मी म्हटलं, "सर, हिनं घेतलं नाही. मग झालं कसं?"

हात दुखायला लागला तरी मी खाली केला नाही. रिद्धीची बोटं जराशी हलली, असं मला वाटलं. मग तिच्या वडिलांनी तिचं नाव घेतलं. अगदी हळू. बोटं मिटली.

त्याच दुपारी मुख्याध्यापिकांनी बाबांना बोलावलं. आवाज चढवला नाही. पोरीनं प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागावी, म्हणाल्या. व्हॅन कोणाच्या भरवशावर चालते तेही घरी नीट समजावून सांगा.

बाबा बाहेर येऊन व्हॅनपाशी उभे राहिले.

"माफी मांगशीन काय वं?"

"नाही."

"काहून?"

"मी खोटं काय बोलली, बाबा?"

बाबा कितीतरी वेळ चावी हातात फिरवत राहिले. "मंग नको मांगू," म्हणाले.

बाबांच्या हातची व्हॅन गेली. आता बाबा दुसऱ्याचा मालाचा ऑटो चालवतात, कळमेश्वरच्या एमआयडीसीत माल टाकतात. संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकली येऊन थांबतात. कोणी उतरत नाही. इंजिन चालूच असतं. आमच्या दाराकडे बघतात आणि जातात. आई दिवेलागणीच्या आत मला घरात घेते. वस्तीतले लोक म्हणतात, दाखला काढा, दुसरी शाळा पाहा. प्रात्यक्षिकाचे मार्क सरांच्याच हातात आहेत. परवा ते वऱ्हांड्यात माझ्या जवळून गेले. न थांबता म्हणाले, "वर्ष अजून बाकी आहे."

बाकी आहे, मला माहीत आहे. भीती वाटते. मोटारसायकलचा आवाज आला की हातातला घास हातातच राहतो.

तरी मी रोज जाते. हजेरी घेताना सर माझं नाव गाळतात. मी उभी राहते आणि स्वतः सांगते. पूर्ण, आडनावासकट.

दाखला मी मागणार नाही. बाबाही मागणार नाहीत, त्यांना मी विचारलंय. शाळेला मला काढायचं असेल तर काढावं. पण का काढलं ते कागदावर लिहावं, खाली सही करावी, शिक्का मारावा. तोवर मी बाकावरून उठणार नाही.