खिडकीखाली दोन ठोके

दुपारची जेवणं आटोपली की ट्रामवाले काका ट्राम चालवायला निघत. म्हणजे ते पलंगावर उताणे पडत, डोळ्यांवर टॉवेल ओढत, आणि जरा घोरणं सुरू झालं की त्यांचा डावा हात हवेत हळूहळू गोल फिरू लागे. तो वेगाचा दांडा. मग उजवा पाय ताठ होई आणि टाच पलंगाच्या फळीवर आपटे. ती घंटी. शेजारच्या खुर्चीत काकू भाजी निवडत बसलेल्या असत. त्या मान वर न करता म्हणत, "सावकाश हो, वळण आलंय." आणि झोपेतल्या झोपेत काकांचा हात उलटा फिरे, वेग उतरे, गाडी अलगद वळणातून बाहेर पडे.

शहरातली ट्राम बंद पडून किती उन्हाळे गेले होते याचा हिशोब कुणी ठेवला नव्हता. रुळांवर डांबराचे थरावर थर चढले होते. काकांच्या झोपेत मात्र ती रोज वेळेवर सुटायची. जागेपणी जे वेळेवर सुटत नाही ते झोपेत तरी सुटावं, यात वाईट काय?

तरुणपणी काका ज्या मार्गावर ट्राम चालवत तो त्यांच्या घराखालूनच जाई. घर दुसऱ्या मजल्यावर, नेमकं वळणावर, आणि पुढच्या खोलीला रस्त्यावर उघडणारी एक मोठी खिडकी. जुन्या ट्राममध्ये घंटी पायाने वाजवायची असे. जमिनीतून वर आलेलं एक पितळी बटण, त्यावर टाच मारली की खालून टण असा आवाज. लग्न नवीन होतं तेव्हा या दोघांनी आपली एक भाषा ठरवली. एक ठोका म्हणजे चाललोय पुढे. दोन ठोके म्हणजे ही शेवटची फेरी, पातेलं गॅसवर चढव. ड्रायव्हरने समोरच बघायचं असा नियम होता आणि काका नियमाचे पक्के होते. त्यामुळे खिडकीत हलणारा हात त्यांना कायम डोळ्याच्या कोपऱ्यातूनच दिसला. तेवढ्यावर त्यांचा दिवस जाई.

मग मोटारी वाढल्या. ट्राम मध्ये येते, अडथळा होतो, असं मोटारवाल्यांना वाटू लागलं, आणि मोटारवाल्यांना जे वाटतं तेच पुढाऱ्यांना वाटतं. ट्राम गेली. काकांना बस मिळाली, त्याच रस्त्यावर. बसला हॉर्न होता. काका वळणावर दोनदा हॉर्न देत, पण सगळा रस्ताच हॉर्न देत असे. त्यात आपला कुठला हे काकूंना कळेनासं झालं. पातेलं कधी लवकर चढे, कधी उशिरा. संध्याकाळची खिडकी बंद होऊ लागली, मग दुपारची, आणि शेवटी फटीत कापूस कोंबून, वरून चिकटपट्टी मारून ती कायमचीच बंद झाली. तरी रोज काचेवर काळी साय धरायची. उन्हाळे दरवर्षी चढत्या भाजणीने येऊ लागले. रस्त्याचं डांबर दुपारी मऊ पडे, रात्री भिंती तव्यासारखी धग सोडत. काकूंच्या छातीत एक बारीक शिट्टी वाजू लागली. डॉक्टर म्हणाले, औषधं देतो, पण खरं औषध हवापालट.

हवापालट म्हणजे काकूंच्या भावाचं डोंगरावरचं घर. बोलावणं दोघांनाही होतं. पण भावाच्या घरात दोघांना पुरेल एवढी जागा नव्हती, आणि मेहुण्याला पुरेल एवढा संयम काकांकडे नव्हता. जायचं तर काकूंनी एकटीनेच. आणि एकदा गेल्या की परत यायचं कशाला, या बंद खोलीत? हे दोघांनाही कळत होतं. म्हणून दोघंही त्यावर बोलत नव्हते.

एकदाच काका बोलले. म्हणाले, "अगं, हा धूर माझ्याच बसचा आहे. रोज इथून जाताना मीच तुझ्या खिडकीत ओतून जायचो."

काकूंनी शिट्टीसारखा एक श्वास घेतला. मग म्हणाल्या, "तुम्ही नसती चालवली तर दुसऱ्या कुणी चालवली असती. आणि त्याने काही माझ्यासाठी हॉर्न दिला नसता."

काका गॅलरीत जाऊन उगाचच दोरीवरचे कपडे सारखे करत बसले. त्यांना रडू आलं होतं.

त्याच सुमारास महापालिकेची निवडणूक झाली आणि त्यांच्या भागातून एक बाई निवडून आल्या. त्या तरुण होत्या, पायीच फिरत, आणि हवामानावर बोलू लागल्या की त्यांना थांबवणं कठीण. त्यांनी ठराव आणला: मधल्या रस्त्यांवरून मोटारी हटवायच्या, ट्राम परत आणायची, दुतर्फा झाडं लावायची. झालं, शहराचे दोन तट पडले. काकांच्या इमारतीत तळमजल्यावर चपलांचं दुकान होतं. तो दुकानदार विरोधकांचा म्होरक्या.

"दारात गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक चपला घ्यायला पायी येणार का?" तो ओरडला.

"चपला घ्यायला पायी यायला काय झालं?" काकांनी विचारलं. पायऱ्यांवर बसलेले लोक इतके हसले की दुकानदाराने काकांशी बोलणंच टाकलं.

जाहीर सुनावणीत जुना ट्रामवाला म्हणून काकांनी दोन शब्द बोलावेत असं नगरसेविकाबाईंनी ठरवलं. त्यांनी घरी येऊन काकांची तयारी करून घेतली. तापमान किती चढलं, समुद्र किती, धुराचा वाटा किती. काका चार दिवस आरशासमोर पाठ करत होते आणि चुकलं की काकू आतून दुरुस्त करत होत्या. प्रत्यक्ष माईक समोर आला आणि सगळं साफ पुसलं गेलं. काकांनी घसा खाकरला, टोपी काढली, परत घातली.

"आमची खिडकी उघडायची आहे," ते म्हणाले. "बाकीचं हे लोक सांगतीलच." आणि खाली बसले.

आधी सभागृह हसलं. मग हसू जरा रेंगाळून विरलं. त्या सभागृहाच्याही सगळ्या खिडक्या बंद होत्या. राजकारणातल्या लोकांना वाक्य सापडायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी ते भिंतीवर असतं. 'खिडकी उघडा' अशी पत्रकं शहरभर लागली. विरोधकांनी त्याखाली 'आणि दुकान बंद करा' अशी लावली. काका घराबाहेर पडले की लोक त्यांना खिडकीवाले म्हणू लागले, आणि ट्रामवाले काका मनातून जरा दुखावले.

ठराव काठावर का होईना, पास झाला. काकू म्हणाल्या, "एक उन्हाळा थांबून बघते."

तो उन्हाळा खोदण्यातच गेला. रस्ता उसवला गेला. डांबराखालून जुने रूळ वर आले, तेव्हा काका खाली उतरून त्यांच्याशेजारी उकिडवे बसले. गंजून लाल झालेले, पण वळण तेच. त्यांनी हात लावला. लोखंड उन्हाने तापलं होतं, तरी हात काढवेना. त्या दुपारी झोपेत त्यांची ट्राम घरात शिरली. स्वयंपाकघरातून, ओट्याला वळसा घालून, दोरीवरच्या ओल्या कपड्यांखालून ती निघाली आणि काकूंची खुर्ची सगळ्यात पुढच्या बाकाच्या जागी होती. खिडक्या सगळ्या उघड्या. कपडे दोघांच्या तोंडावरून थंडगार फिरत गेले.

जाग आली तेव्हा बाहेर ड्रिल चाललं होतं आणि काकू पदर तोंडावर धरून खोकत होत्या.

काम लांबलं. मध्ये पैसे अडले, मध्ये कोर्ट, मध्ये महापौर बदलले. मोटारी रस्त्यावरून हटल्या तरी धुळीमुळे खिडकीची पट्टी काही निघाली नाही. शेवटी नवे रूळ पडले, रुळांच्या मध्ये हिरवळ लावली, कडेला काठ्यांच्या आधाराने हातभर रोपं उभी राहिली, धूळ बसली. पण तोवर पुढचा उन्हाळा दाराशी आला होता आणि काकूंचा धीर संपला होता. खिडकीकडे त्या बघायच्याही नाहीत. भावाला फोन झाला. एके सकाळी त्यांनी काकांना माळ्यावरून बॅग काढायला लावली. ती पलंगाशेजारी उघडी पडली आणि रोज एखादी वस्तू तिच्यात जाऊ लागली. आधी शाल, मग औषधं, मग उशीचा अभ्रा. अभ्रा गेलेला पाहिला आणि त्या दुपारी काकांची ट्राम सुटलीच नाही.

उद्घाटन त्याच आठवड्यात होतं. डेपोपासून वळणापर्यंत पहिली ट्राम जुन्या ट्रामवाल्याने चालवावी, ही कल्पना अर्थातच नगरसेविकाबाईंची. चालण्याच्या वेगाने, शेजारी प्रशिक्षक बाई बसलेल्या. त्या प्रशिक्षक बाईंनी काकांना डेपोत आठवडाभर शिकवलं.

"काका, घंटी इथे आहे. हे बटण, बोटाने दाबायचं. पायाखाली आहे तो ब्रेक. आणि साधा ब्रेक नाही, संकटात मारायचा. त्याला पाय लावायचा नाही. कळलं?"

"कळलं," काका म्हणाले, आणि डेपोत त्यांनी एकदाही चूक केली नाही. डेपोत खिडकी कुठे होती?

निघताना काका काकूंना म्हणाले, "खाली येतेस का बघायला?"

"जिना चढायचं त्राण नाही परत," काकू म्हणाल्या. "तुम्ही जा. टोपी सरळ करा."

ट्राम निघाली. आत महापौर, दोन्ही पक्षांचे पुढारी, बँडवाले, आणि फुकटची फेरी म्हणून चढलेला चपलावालासुद्धा. पण काकांना हे काहीच दिसत नव्हतं. नवी ट्राम आवाजच करत नव्हती. धूर नाही, खडखड नाही, समोर फक्त हिरवळीवरून सरकत येणारे दोन रूळ, कडेची किरकोळ रोपं, रस्त्याच्या मधोमध निवांत चालणारी माणसं. इतकं शांत काकांनी फक्त टॉवेलखाली पाहिलं होतं. एक क्षण त्यांना खात्री वाटली की आपण पलंगावरच आहोत, आणि आता शेजारून आवाज येईल, सावकाश हो.

आवाज आला नाही. वळण मात्र आलं. डोळ्याच्या कोपऱ्यात दुसऱ्या मजल्यावरची ती काळवंडलेली काच सरकली आणि काकांचा उजवा पाय जन्मभराच्या सवयीने वर उचलला गेला आणि धाडकन खाली आला.

मोठा दणका देत ट्राम जागच्या जागी खिळली. महापौर विरोधी पक्षनेत्याच्या मांडीवर जाऊन बसले. बँडमधला मोठा ढोल घरंगळत पुढे आला. चपलावाल्याची एक चप्पल निघून कुठल्या कुठे गेली. काकांचा पाय मात्र अजून आज्ञेतच होता, त्याने दुसरा ठोकाही मारून घेतला, पण थांबलेली ट्राम आणखी काय थांबणार, आणि काय वाजणार?

उद्या वर्तमानपत्रात काय येणार हे जो तो मनात वाचत होता. नगरसेविकाबाई डोळे मिटून उभ्या होत्या. काकांना वाटलं, संपलं. ट्रामही गेली आणि तीही गेली.

त्या शांततेत वरून एक आवाज आला. चिकटपट्टी ओरबाडल्याचा. बराच वेळ येत राहिला. मग लाकूड करकरलं, कापसाचे काळे बोळे खाली हिरवळीवर पडले, आणि खिडकी उघडली. काकूंचं डोकं बाहेर आलं.

"अहो!"

काकांनी दार उघडून मान बाहेर काढली. आयुष्यात पहिल्यांदा ते ड्रायव्हरच्या जागेवरून थेट तिच्याकडे बघत होते.

"एकच ठोका?" काकू वरून ओरडल्या. "एक म्हणजे तुम्ही पुढे चाललात. मग थांबलात कशाला?"

"अगं, ही घंटी नाही! ब्रेक आहे! चुकून पाय गेला!"

"मग घंटी कुठाय?"

सगळी ट्राम काकांकडे बघू लागली. प्रशिक्षक बाईंना हसू आवरेना. त्यांनी काकांचं बोट धरून बटणावर नेलं. काकांनी दाबलं. टण. आणि थोडं थांबून, टण.

काकू खिडकीतच उभ्या राहिल्या. त्यांनी श्वास घेतला, आधी जपून, चव बघावी तसा. बारीक शिट्टी वाजली. मग जरा मोठा घेतला. एका ट्रामने छाती बरी होत नाही आणि उन्हाळाही हटत नाही, हे त्यांना कळत होतं. आरशासमोरच्या पाठांतरात सगळे आकडे त्यांचेही पाठ झाले होते. तरी तिसरा श्वास त्यांनी घेतला, खाली हिरवळीकडे पाहिलं, महापौरांकडे पाहिलं, आणि मग काकांकडे.

"पातेलं चढवते," त्या म्हणाल्या. "आणि वर आलात की ती बॅग परत माळ्यावर टाका. येता-जाता पायात येते."

काकांनी होकाराची मान हलवली, पण गाडी पुढे घेणं काही त्यांना जमेना. समोरचे रूळ पुसट दिसत होते. शेवटी प्रशिक्षक बाईंनीच ती वळणातून बाहेर काढली, सावकाश.