मोजणीदारकाकांचा डावा कान

या जगात पूर्णपणे सरळ अशी एकच गोष्ट परमेश्वराने निर्माण केली आहे आणि ती म्हणजे आमच्या आळीतले मोजणीदारकाका, असं खुद्द काकांचं प्रामाणिक मत होतं. बाकी सगळं कललेलं. भोरातले रस्ते, नव्या इमारती, शेजाऱ्यांची मुलं, सरकारी धोरणं आणि मी. काकांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली. भोर आणि वेल्हे तालुक्यांत असा बांध सापडणं कठीण, ज्यावर उभं राहून त्यांनी दोन भावांना 'तुम्ही दोघंही चुकताय' असं सुनावलं नसेल. निवृत्त होताना माणूस साखळी आणि काठी कचेरीत जमा करतो आणि घरी येऊन पेपर वाचतो. काकांनीही साखळी-काठी जमा केली, पण डोळा मात्र बरोबर आणला, आणि तो आम्हा शेजाऱ्यांवर रोखला.

आमच्या नव्या घरात काका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी घर पाहिलंच नाही. दारातूनच एक डोळा बारीक करून त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीकडे बघितलं आणि म्हणाले, "उजवीकडे दोन सूत खाली आहे." सुतार नुकताच पाणसळ लावून, बुडबुडा बरोबर मध्ये आणून हात झटकत होता. त्याने ती नळी काकांपुढे धरली. काका शांतपणे म्हणाले, "मग नळी बिघडलीय तुझी." काकांशी वाद घालण्यापेक्षा फळी हलवणं सोपं, हे सुताराला पाच मिनिटांत कळलं. फळी काकांच्या डोळ्याप्रमाणे लागली. तेव्हापासून आम्ही त्या फळीवर लिंबं ठेवत नाही.

कानाचंही तेच. संध्याकाळी ओट्यावर पाठ टेकून, डोळे मिटून ते बसायचे आणि अख्ख्या आळीची हजेरी घ्यायचे. "तुझ्या स्कूटरची मागची पट्टी सुटलीय." "पलीकडच्यांच्या कुकरची शिट्टी झाली, डाळ आहे." "स्वारगेटची एसटी आली, आज ड्रायव्हर नवा दिसतोय, वळणावर घाबरला." कुठला आवाज कुठून आला हे ते बोट करून दाखवत आणि ते बहुतेक वेळा बरोबर असे, हीच आमची खरी अडचण होती. आणि पाय! विंझरजवळ एका पाटावर नुसता लोखंडी पाइप आडवा टाकलेला होता. सत्तरीला आलेला हा माणूस पाठीमागे हात बांधून, देवदर्शनाला निघाल्यासारखा त्यावरून पलीकडे गेला. मी चार पायांवर गेलो. पलीकडून काकांनी उत्तेजन दिलं, "ये ये, लाजू नकोस, मूल आधी रांगतंच."

निवृत्तीनंतरही बांधाच्या भांडणात लोक त्यांना खाजगीत बोलवायचे. सरकारी मोजणी आता उपग्रहावरून होते, पण काकांचं म्हणणं असं, की जो उपग्रह स्वतः एका जागी उभा राहत नाही त्याने दुसऱ्याची हद्द काय सांगावी. त्यांना स्कूटरवरून नेणं हे माझं रविवारचं काम. मी बँकेत कारकून आहे, म्हणजे रविवारी मला काही काम नसतं असा आळीचा समज आहे.

तर अशाच एका रविवारी आम्ही मार्गासनीला गेलो. दोन सख्खे भाऊ, मधे हातभर रुंदीची पट्टी आणि त्या पट्टीपायी अकरा वर्षं अबोला. बांधाच्या टोकाला शेंदूर फासलेला म्हसोबा. काकांना आठवडाभर सर्दी होती आणि सकाळपासून डावा कान भरल्यासारखा वाटत होता. ते त्यांनी स्कूटरवर मला सांगितलं आणि मी नेहमीप्रमाणे ऐकलं नाही. काका बांधावर चढले, डोळा बारीक केला, हात लांब करून म्हणाले, "आता ही रेषा बघा..." आणि तिथेच थांबले. मग दोन्ही हातांनी हवा धरल्यासारखं करत ते खाली बसले, बसल्याचे आडवे झाले आणि बांधावरचं गवत घट्ट मुठीत धरून ओरडले, "धरा! जमीन फिरतेय!"

दोन्ही भावांनी आधी जमिनीकडे बघितलं, मग एकमेकांकडे. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"काय व्हतंय वो काका?" थोरला म्हणाला.

"भूकंप आहे, मूर्खा!"

"आमाला तर काय लागंना."

"तुम्हाला कधी काही लागलंय का?" एवढं बोलून काकांना भडभडून उलटी झाली. डोळे उघडले की ते आपोआप एका बाजूला सरकत, झटक्याने परत येत, पुन्हा सरकत. ते पाहिल्यावर माझी थट्टा संपली. भावांनी टेम्पो आणला. थोरल्याने डोक्याकडून धरलं, धाकट्याने पायाकडून, आणि दोघं "हळू, हळू" असं एकमेकांना सांगत होते. मला वाटलं, अर्धांगाचा झटका. भोरात आळीच्या तोंडाशी टेम्पो थांबला तेव्हा काकू पदर खोचून बाहेर आल्या, काकांकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता मागे चढून बसल्या. तिथून थेट पुणे.

दवाखान्यात रात्रीच मेंदूचा फोटो काढला. मेंदू ठीक निघाला. काकू म्हणाल्या, "ठीक म्हणजे आहे तसाच ना?" पण काकांच्या खाटेची कड त्यांनी सोडली नव्हती. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाई आल्या. तिशीच्या, बारीक अंगाच्या. फाइलवरचा पत्ता वाचून हसल्या.

"काका, मी किकवीची. आमच्या शेताची मोजणी तुम्हीच केली होती. वडील अजून तुमचं नाव काढतात."

"काय म्हणतात?"

"ते बरं झाल्यावर सांगते."

त्यांनी काकांच्या कपाळाला धातूचा दुबेळका चिमटा वाजवून टेकवला. "कुठल्या कानात ऐकू येतं?" "उजव्या." डाव्या कानाशी चिमटा धरला. काका वाट बघत राहिले. "वाजवा की," म्हणाले. तो वाजतच होता. खाटेच्या पायथ्याशी उभा असलेल्या मलासुद्धा ऐकू येत होता.

मग बाईंनी समजावून सांगितलं. माणसाचा तोल काही पायात नसतो. प्रत्येक कानाच्या आत पाण्याने भरलेल्या तीन बारीक वळणदार नळ्या असतात. मान जिकडे वळेल तसं ते पाणी हलतं आणि तिथली नस मेंदूला कळवते. उजवी-डावीकडच्या दोन बातम्या, डोळ्यांनी पाहिलेलं आणि तळपायांना लागलेली जमीन, एवढं सगळं जुळवून मेंदू ठरवतो की आपण उभे आहोत. सर्दीच्या विषाणूने काकांच्या डाव्या कानाच्या आत सूज आली आणि तिकडून बातमी येणं बंद झालं. आता एकटा उजवा कान बोलतोय, आणि मेंदू एकाच बाजूचं ऐकून समजतोय की माणूस गरगर फिरतोय. डोळ्यांनाही तो तसंच पळवतोय.

"म्हणजे एकतर्फी निकाल," काका म्हणाले.

"अगदी."

"अपील कुठे करायचं?"

"उद्या उभं राहून बघू."

दुसऱ्या दिवशी दोन माणसांनी धरून उभं केलं. पाय जुळवले. काका हलले, पण उभे राहिले. चेहऱ्यावर जुनी ऐट थोडी परत आली. "आता डोळे मिटा," बाई म्हणाल्या. काकांनी डोळे मिटले आणि तोडलेल्या झाडासारखे सरळ डावीकडे गेले. बाई तयारच होत्या, त्यांनी काखेत हात घालून धरलं. मी काहीतरी विनोद करणार होतो, पण काकांचं तोंड पाहून गिळला. त्यांना पडण्याचं वाईट वाटलं नव्हतं. पडताना आपण पडतोय हे आपल्याला कळलंच नाही, याचा त्यांना धक्का बसला होता.

"हे बरं होईल?" काकूंनी विचारलं.

"तोल येईल. मेंदू या वयातही शिकतो, फक्त त्याला चालवायला लागतं. घाबरून पडून राहिले तर शिकणार नाही." मग फाइल मिटून, "डाव्या कानाचं ऐकणं परत येईल असं मात्र मी सांगू शकत नाही. औषध देतेय. पण आशा कमी आहे."

काकांनी मान फिरवून काकूंना विचारलं, "काय म्हणाली?"

काकू त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. त्या वळसा घालून उजवीकडे आल्या आणि म्हणाल्या, "बरे व्हाल म्हणाली."

घरी आल्यावर व्यायाम सुरू झाले आणि आळीला सकाळची फुकट करमणूक मिळाली. अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर अंगठ्यावर ठेवायची आणि मान 'नाही, नाही' अशी हलवायची. हा व्यायाम काकांना अजिबात जड गेला नाही. जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय? दुसऱ्या व्यायामात मान वर-खाली, 'हो, हो' अशी हलवायची होती. तिथे मात्र त्यांना घेरी यायची. काकू म्हणाल्या, "सवय नाही ना." तिसऱ्या आठवड्यात ते भिंत धरून, पाचव्यात भिंत सोडून चालायला लागले. कान मात्र बंदच राहिला, आणि त्याबरोबर आवाजाची दिशाही गेली. दोन कानांत आवाज किती मागेपुढे पोचला यावरून मेंदू दिशा ओळखतो म्हणे. एका कानाला सगळं एकाच बाजूने येतं. काकू स्वयंपाकघरातून हाक मारत आणि काका रस्त्यावर जाऊन बघत. ओट्यावर बसून हजेरी घेणं त्यांनी न सांगता बंद केलं. त्या काळात मी माझी स्कूटर मुद्दाम पट्टी सैल ठेवून त्यांच्या समोरून दोनदा नेली. काही बोलले नाहीत. मला फार एकटं वाटलं.

तिसऱ्या महिन्यात मार्गासनीहून निरोप आला, की आता मोजणीची गरज उरली नाही, भांडण मिटलं. म्हसोबाने मोजणीदाराला बांधावर सगळ्यांदेखत आडवं पाडलं, तेव्हा ती पट्टी देवाची, असं दोन्ही भावांनी ठरवलं होतं. काका असे खवळले, की आजारानंतर प्रथमच मला बरं वाटलं. "माझ्या कानाच्या नसेला म्हसोबा म्हणतात? चल, स्कूटर काढ!"

गेलो. भावांनी एकत्र केलेला चहा आला. काकांनी बरोबर आणलेला कागद पसरून त्यावर कान काढला, आतल्या नळ्या काढल्या, नस मेंदूपर्यंत नेऊन पोचवली आणि अर्धा तास समजावलं. दोघं भाऊ शेजारी शेजारी बसून मन लावून ऐकत होते.

"व्हय, पटलं," थोरला म्हणाला.

"मग? मोजायची का पट्टी?"

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा घसा खाकरून म्हणाला, "काका, तुमी नस म्हना नायतर म्हसोबा म्हना. आमी भाव भाव बोलाय लागलो. माजी पोरं परवा ह्यांच्या हितं जेवली. आता कशाला मोजता?"

काकांनी कागदाची घडी केली. आयुष्यात पहिल्यांदा हद्द न सांगता ते एका शेतातून आपल्या पायांनी परत आले. वाटेत एकदाच बोलले, "माणसं शास्त्र समजून घेत नाहीत." ते माझ्या मागे बसले होते, वारा होता, आणि मी काही म्हटलं असतं तरी त्यांना ऐकू गेलं असतं की नाही कोण जाणे.

परवा संध्याकाळी काका-काकू नदीच्या पुलाकडे फिरायला निघालेले दिसले. काकू त्यांच्या डाव्या बाजूने चालत होत्या आणि एकसारख्या बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "काकू, त्या बाजूने त्यांना ऐकू येत नाही."

"मला माहीत नाही होय?" त्या म्हणाल्या. "गाड्या कळत नाहीत त्यांना तिकडून, म्हणून तिकडे चालते. आणि इतकी वर्षं ऐकू येत होतं तेव्हा तरी कुठे बोलले मी?"

उजेड असेपर्यंत काका बरे चालतात, कारण कानाचं काम आता डोळे करतात. अंधारू लागलं की त्यांचं पाऊल कचरतं. मग ते काकूंकडे न बघता डावा हात नुसता बाजूला करतात आणि काकू बोलता बोलता तो धरतात. अशा वेळी मी मागून येत असलो तर स्कूटर बंद करून थांबतो. ती दोघं पुलापर्यंत पोचली की मग निघतो.