वाफ न आलेला चुना

सातपूरच्या प्रयोगशाळेत मोरचुदाची नवी बाटली उघडली, की तो निळा रंग मला वणीजवळच्या आमच्या द्राक्षबागेत नेतो.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. नाना, म्हणजे माझे वडील, फवारणीसाठी मोरचूद आणि चुना कालवत आणि त्यात लोखंडी विळा बुडवत. पात्यावर तांबूस थर चढला, तर मोरचूद जास्त, पानं जळतील, म्हणून अजून चुना घालत. त्या दिवशी चुन्याचं वजन मी वहीत गणित मांडून सांगितलं. नानांनी विळा खुंटीला अडकवला. "पोरगी केमिस्ट्री शिकती, आता इळा कशाला?"

चुना भिजवताना पिंपातून नेहमीची गरम वाफ आली नाही. मी आकड्यांत गुंग होते.

चौथ्या दिवशी कोवळी पानं करपली. वहीतला चुना शुद्ध होता, गोणीतला हवा लागून मेलेला. आई माझ्यावर ओरडणार, तोच नाना म्हणाले, "वाफ आली नाही ते मला दिसलं व्हतं. चूक माझी हे."

आता नाना नाहीत, बागही नाही. बाटलीवर नव्याण्णव टक्के शुद्ध छापलेलं असलं, तरी मी तपासल्याशिवाय सही करत नाही. उरलेला एक टक्का काय निघाला, हे संध्याकाळी घरी जाऊन सांगावं, असं मात्र कोणी नाही.