चौथी काचपेटी

सैनिकी विमानतळाच्या कुंपणालगत इस्त्रीकाकांची खोली होती. एक लांब टेबल, दोन इस्त्र्या, छताला टांगलेले कपडे, आणि त्यातून उरेल तेवढ्या जागेत काका. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. साहेबांपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांचे कपडे धुऊन, इस्त्री होऊन त्यांच्याच हातून जायचे. स्वभाव असा, की सांगितल्यापेक्षा काम जरा जास्तच करायचं. त्यापायी दोन शिव्या खाल्ल्या तरी बेहत्तर.

चौघांच्या एका विमानातला सगळ्यांत धाकटा त्यांचा भारी लाडका. पोरगा डोक्याला तेल थापायचा आणि शर्टाची पार वाट लावून आणायचा. काका ओरडायचे, "अरे, ही कॉलर आहे की तवा?"

"घासा काका, घासा. नाहीतर तुमचं नाव ते काय राहिलं!"

एका सकाळी ते विमान समुद्राकडे गेलं ते गेलंच. चौघांपैकी कुणाचं नखसुद्धा हाती लागलं नाही. काकांना निरोप आला, की चौघांचे कपडे घरच्यांना पाठवायचे आहेत, बांधून द्या. नुसते बांधायचे होते. पण पोरांच्या आयांच्या हाती मळके कपडे कसे द्यायचे, असं काकांच्या मनात आलं. रडत रडत त्यांनी सगळे धुतले. धाकट्याची कॉलर तर ब्रशने इतकी घासली, की पहिल्यांदाच पांढरीशुभ्र निघाली. घडी घालताना त्यांना स्वतःच्या हाताचं कौतुकही वाटलं.

बऱ्याच वर्षांनी धावपट्टीच्या टोकाला चौघांचं स्मारक उभं राहिलं. काळा दगड, त्यावर चार नावं, मागे छोटीशी खोली आणि खोलीत चार काचपेट्या. तीन घरांनी कपडे दिले. धाकट्याची आई काही केल्या देईना. स्मारकाचं काम बघणारे साहेब काकांना म्हणाले, "पोरगा पत्रात तुमच्याबद्दल लिहायचा म्हणे, तुमचं ऐकतील त्या. जरा समजूत घाला."

म्हातारी काकांच्या खोलीत आली ती गाठोडं छातीशी धरूनच. काकांनी खुर्ची पुढे केली.

"मी हे अजून सोडलंच नाही, भाऊ," ती म्हणाली. "सोडलं की त्याचा वास उडून जाईल. थोरल्याची बायको म्हणते, आईंना वेड लागलंय. लागेना का. रोज गाठीला नाक लावून बसते, तेवढाच तो जवळ असतो."

काकांना ती ब्रशने घासलेली कॉलर आठवली. "मग देऊच नका, ताई. राहू दे ती पेटी रिकामी."

"तुम्ही तरी माझ्या बाजूने बोललात! पण आता माझा काय भरवसा? माझ्यामागे हे कुणीतरी भंगारात टाकेल. त्यापेक्षा आज एकदा सोडते आणि पोटभर वास घेते. तुमच्यासमोरच. तुमचाही लाडका होता ना तो?"

"नको, ताई!" काका जवळजवळ ओरडलेच. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण करायला गेलो एक नि झालं भलतंच, हे कुठल्या तोंडाने सांगणार? तोवर तिने गाठ सोडलीसुद्धा.

शर्टात तोंड खुपसून ती कितीतरी वेळ तशीच बसली. काका मनातल्या मनात देवाला विनवत होते, काहीतरी राहू दे त्यात, तेलाचा एवढासा डाग तरी. पण आपण धुतलेल्या कपड्यात डाग कधी राहत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

म्हातारीने मान वर केली. शेजारी टांगलेल्या कुणा परक्याच्या शर्टाची बाही ओढून तिने त्या शर्टाचा वास घेतला. मग पुन्हा मुलाच्या शर्टाचा.

"सारखाच आहे," ती म्हणाली.

"मी धुतले, ताई. मला वाटलं, मळके कसे द्यायचे..."

तिने शिव्याशाप दिले असते तर काकांना बरं वाटलं असतं. पण शर्ट टेबलावर पसरून तिने कॉलर हाताने सारखी केली.

"जरा इस्त्री फिरवा," ती उठत म्हणाली. "घड्या पडल्यात. काचेत नीट दिसायला हवा."

आणि ती निघून गेली. गाठोड्याचं फडकंसुद्धा तिने नेलं नाही.