करंटची काठी आणि बायकांची रांग

माझी बायको गेली, त्याला दुसरा उन्हाळा लागला. गेलेल्या माणसाबद्दल लोक गोड गोड लिहितात, तसं मला जमत न्हाई. मी तिसरी शिकलेला माणूस. एका पोलिसानं तिच्यावर काठी उगारली होती, तेवढं लिहितो.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आम्ही दोघं नांदेडकडून इकडं बांधकामावर आलो आणि इथल्या बौद्ध वस्तीतच राहिलो. पुढं म्हातारपणी मोठा दुष्काळ पडला. नळ कोरडे. टँकर चौकात यायचा, त्यावर भांडणं व्हायची, म्हणून पोलीस उभे केले. त्यातल्या एका तरण्या पोलिसाकडं करंटची काठी होती. बटण दाबलं की टोकाला निळी ठिणगी अन् तडतड आवाज. अंगाला लागली की माणूस जागीच बसायचा.

बायकोच्या छातीत मशीन बसवलेली. कातडीखाली, काडीपेटीएवढी. ठोके तिच्यावरच चालायचे. डॉक्टरनं बजावलं होतं, "आजी, करंटपासून लांब राहायचं." पण पाण्याची रांग बायकांची. गडी माणूस घुसला की शिव्या खायचा. म्हणून तीच जायची.

आमच्यात उन्हात माणूस उभं राहत न्हाई, घागर उभी राहते. घागरीच्या गळ्याला आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधीवरून नंबर कुणाचा ते सगळ्यांना कळतं. बायका तवर लिंबाखाली बसतात. पोलीस बाहेरगावचा. त्याला वाटलं, उगं जागा अडवून ठेवली. त्यानं बुटानं एकेक घागर उडवायला सुरुवात केली.

सगळ्यात पुढं एक प्लास्टिकचा ड्रम होता. त्याच्याजवळही कुणी नव्हतं.

"हा कुणाचा?"

"आमचा," कॉलनीतली मास्तरीणबाई गाडीवर बसूनच म्हणाली.

"असू द्या मॅडम."

बायको उठली. "साहेब, ड्रमाला नंबर हाय अन् घागरीला न्हाई व्हय?"

"ए म्हातारे, मागं सर. लावू का?"

काठी तडतडली. मी रस्त्यापलीकडं बसलो होतो, तिथनं ओरडत पळत आलो, "साहेब, तिच्या छातीत मशीन हाय!"

"मशीन? पिठाची गिरणी हाय का?" दुसरा पोलीस हसला. हा पण हसला, पण काठी काही खाली घेतली न्हाई. टोक तिच्या खांद्याला टेकायला आलं होतं. ती मागं सरत नव्हती. लई हट्टी बाई.

मी मधी घुसलो. काठी माझ्या दंडाला लागली. आख्खा हात आवळला, जीभ दाताखाली आली, गुडघे गेले. डोळे उघडले तर तोंड मातीत.

"बस कर रे, म्हातारं मरंल," दुसरा म्हणाला. आता हसत नव्हता.

मास्तरीणबाईनं टँकरवाल्याला विचारलं, "पाइप कधी लावणार?"

बायको माझ्याजवळ आली न्हाई. तिनं लवंडलेली घागर उचलली, ड्रमाच्या मागं होती तिथं ठेवली आणि छातीवर हात धरून उभी राहिली. मग एकेक बाई आली अन् आपापली घागर ठेवत गेली. पोलिसानं काठी बगलेत घातली.

घरी आल्यावर दंडाला तेल चोळता चोळता मला म्हणाली, "कुणी सांगितलं होतं मधी यायला?"

"मग काय बघत बसू?"

दुसऱ्या दिवशी मी तिला घरी बसवलं आणि स्वतः घागर घेऊन बायकांच्या रांगेत उभा राहिलो.

"आजोबा, पदर घ्या की डोक्यावर!"

मी टॉवेल घेतला. सगळी रांग हसली. माझं ध्यान काठीकडं.

ती घरी बसली न्हाईच. मागनं आली, रस्त्याच्या कडंला उभी राहिली. "तुमाला परत लावली तर उचलून आणायला कोण हाय?"

पाऊस पडेपर्यंत आमचं हेच चाललं. तो पोलीस रांगेकडं वळला की ती पुढं येऊन मला हाका मारायची, "या इकडं, राहू द्या ते पाणी!" आणि मी तिथनंच तिच्यावर ओरडायचो, "तू मागं हो गं! तू मागं हो!"