देवळात विचारलेली हरकत

खामगावात आमच्या वस्तीतलं देऊळ, म्हणजे चर्च, दगडी, वर पत्रे. ख्रिस्ती घरं थोडी होती. बरेच जण सरकी काढायच्या कारखान्यात जात. देवळात तेव्हा बाकं नव्हती. सतरंजीवर एकीकडे पुरुष, एकीकडे बाया बसत. महाराष्ट्र राज्य नवं होतं, त्या वर्षांत माझं लग्न ठरलं.

मुलगा साखरखेर्ड्याकडच्या खेड्यातला, आमच्यातलाच. मला मुलाची नाही, पाण्याची धास्ती होती. होळीनंतर तिथल्या विहिरी आटत आणि बाया लांब नदीवर जात. तिथंच दिलेल्या माझ्या मावशीच्या टाळूवरचे केस घागरीखालच्या चुंबळीनं घासून गेले होते. बापाला सांगितलं, तर म्हणाला, "पाणी सगळ्याच बाया आणतात." मग शेजारच्या काकूला सांगितलं. ती माळ्याची, भाजी लावायची. आई गेल्यावर स्वयंपाक मला तिनंच शिकवला, चिमटे काढून.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात नावं वाचतात आणि कोणाची हरकत आहे का, असं विचारतात. कोणी कधी बोलत नाही. तिसऱ्या रविवारी मुलगा आणि सासरा आले होते. काकूही पहिल्यांदाच देवळात आली. पाळकसाहेबांनी विचारलं आणि ती सोयरिकीच्या बैठकीत उठावं तशी उठली.

"मले हरकत हाये."

पाळकसाहेब गडबडले. "बाई, ही रीत आहे. मुलाची आधीची बायको वगैरे असेल, तरच बोलायचं."

"मंग तसं इचारा लागत होतं. पोरगं चांगलं हाये. पन पोरगी पानी कोठून आनीन?"

"वहिनी, बसा खाली! देऊळ हाय हे," बाप म्हणाला.

"मंग देवळात खोटं बोलू का, भाऊ?"

मी मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती बसू नये असंही वाटत होतं.

सासरा उठला. "आमच्या इकडं समद्याच बाया नदीवरून आन्तेत."

"घरी बैल हायेत का?"

"हायेत की."

"मंग थे काय पोळ्याले सजवाले ठेवले?"

बायांच्या बाजूला हसू फुटलं. सासरा म्हणाला, "बरं. गाडीवर टिपाडात आनीन मी."

"डोक्यावर नाही देनार?"

"नाही देनार."

काकू बसली. "वाचा आता तुमचं पुढचं," ती पाळकसाहेबांना म्हणाली.

सासऱ्यानं शब्द पाळला. लोक हसत, बायकांचं काम करतो म्हणत. "देवळात बोललो ना बाबा," म्हणून तो बैल जुंपायचा. हात चालत होते तोवर त्यानं पाणी आणलं. माणूस तापट होता, पण या बाबतीत मी त्याला नाव ठेवणार नाही.

पावसाळा लागला तेव्हा माहेरी गेले. काकूनं हालहवाल विचारली नाही. माझा पदर मागं सारला आणि टाळू चाचपून पाहिली. केस जागेवर होते.

"बस," ती म्हणाली, "भाकर खाय."